थप्पीचे एकशे सत्तेचाळीस तारे

वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारात, कोणी दुकान टाकलं असं कळलं, की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाळा कुठं मिळाला, आणि पागडी किती दिली? संतराम सरांनी "माझं ॲप दुकानात येतंय" असं सांगितलं तेव्हाही हेच दोन प्रश्न आले, आणि पुढचे तीन महिने सर त्यांची उत्तरं देत राहिले. हे दुकान मोबाइलमध्ये असतं, त्याला शटर नसतं, मालक परदेशात बसतो आणि तो आपल्याला कधीच दिसत नाही, हे त्यांनी न चिडता समजावून सांगितलं. ऐकणारे शांतपणे मान डोलवायचे आणि उठताना म्हणायचे, "बराबर आहे, सर. पण स्टँडजवळ एखादा गाळा बघून ठेवा. गिऱ्हाइकाला दुकान दिसलं पाह्यजे."

संतराम सर एका खाजगी शाळेत चौदा वर्षं संगणक शिकवत होते. 'शिकवत होते' हे जरा सढळ हातानं म्हटलं आहे. शाळेत संगणक दहा, त्यातले चालू तीन, आणि त्या तीनपैकी एक मुख्याध्यापकांच्या खोलीत. सरांचं खरं काम होतं प्रिंटर. कागद अडकला, बोलवा संतराम सरांना. शाई पसरली, बोलवा संतराम सरांना. मागच्या स्नेहसंमेलनात सगळ्या शिक्षकांची ओळख करून देताना निवेदन करणाऱ्या बाईंनी "आणि हे आपले प्रिंटरवाले सर" असं म्हटलं, आणि टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या. सर त्या दिवशी संमेलनाच्या पंगतीत जेवले नाहीत. घरी येऊन जेवले, पण तो मुद्दा वेगळा.

तर ॲपचं नाव थप्पी. हळदीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, गोदामात एकावर एक रचतात, त्या रचलेल्या ढिगाला थप्पी म्हणतात. आता ज्या शेतकऱ्याला आज माल काढायचा असतो त्याचे कट्टे नेमके सगळ्यात खाली असतात, हा गोदामाचा जुना नियम आहे. सरांचे शेजारी चाँद पाशा यांचं मोंढ्यात मोठं गोदाम. तिथं एकदा हमालांनी साठ कट्टे उतरवले आणि खाली भलत्याचीच हळद निघाली. त्या दिवशी चाँद पाशांनी जी भाषा वापरली ती ऐकून सरांना ॲप सुचलं. कोणाचा कट्टा कोणत्या थप्पीत, कितव्या थरात, हे मोबाइलवर दिसायचं. मुकादमालाही दिसायचं आणि गावाकडं बसलेल्या शेतकऱ्यालाही. वर्षभरात अर्धा मोंढा ते वापरायला लागला. सर ते व्हॉट्सॲपवरून पाठवायचे, आणि लोक त्याबद्दल चहा पाजायचे.

दिवाळीनंतर नांदेडच्या एका गोदाम कंपनीच्या आफिफा मॅडम चाँद पाशांकडं हळद बघायला आल्या. त्यांनी हळद बघायच्या आधी थप्पी बघितली. गोदामातल्या हमालांचा मुकादम देविदास यानं मोबाइलवर बोट ठेवून दोन मिनिटांत नेमका कट्टा काढून दाखवला, तेव्हा त्यांनी शेजारी उभ्या सरांना विचारलं, "सर, हे कुठं मिळतं?"

"तुमचा नंबर द्या, व्हॉट्सॲपवर टाकतो."

मॅडम हसल्या. "आम्हाला तसं घेता येत नाही, सर. आमची साठ गोदामं आहेत. ॲप दुकानातून घ्यावं लागतं, कंपनीच्या नावानं, साठ परवाने एकदम. तुम्ही दुकानात आलात की मला कळवा. मी घेते."

साठ! सरांना त्या आकड्यानं इतकं भरून आलं, की दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी उभं राहून जाहीर केलं, "एक जानेवारीपासून मी प्रिंटरला हात लावणार नाही. आपण आता सॉफ्टवेअरवाले झालो."

मुख्याध्यापक म्हणाले, "अभिनंदन, सर. जानेवारीला वेळ आहे. तोवर हे जरा बघता का? कागद अडकलाय."

सरांच्या पत्नी पुनमताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांची नोकरी कायमची होती आणि ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ती सगळ्यांना सतत ऐकू यायची. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, आधी साठ होऊ द्यायचे, मग बोलायचं."

दुकानात शिरायला सगळ्यात आधी ओळख पटवावी लागते. सरांनी कागदपत्रं चढवली आणि तिथं पहिला घोळ झाला. सरांच्या वडिलांचं नाव ज्ञानोबा. 'ज्ञ' इंग्रजीत कसा लिहायचा यावर महाराष्ट्रात अजून एकमत व्हायचं आहे. एका ओळखपत्रावर वडील 'ग्यानोबा' झाले होते, दुसऱ्यावर 'द्न्यानोबा', आणि पासबुकात 'न्यानोबा'. दुकानानं अतिशय नम्रपणे कळवलं, की सादर केलेल्या कागदांवरून अर्जदार नेमका कोण आहे हे स्पष्ट होत नाही.

"चौदा वर्षं झाली लग्नाला, मलाही झालेलं नाही," पुनमताई म्हणाल्या.

सरांना मात्र हे फार लागलं. त्यांचे वडील एकच होते. हिंगोली-साखरा गाडीवर कंडक्टर होते आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात त्यांना नावानं ओळखत. त्यांचे असे तीन तुकडे झालेले बघून सर दोन दिवस तिन्ही कागद समोर मांडून बसले.

समोरच्या घरात तातेराव काका राहायचे. सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागदाचा घोळ झाला असा नुसता वास आला तरी ते चप्पल घालून दारात हजर व्हायचे. "ह्याच्यात काय न्हाई, संतराम," ते म्हणाले. "प्रतिज्ञापत्र करू. माझ्या हातचं प्रतिज्ञापत्र आजवर परत आलं न्हाई." आणि त्यांनी मुद्रांकावर, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढलं, की 'कारणे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, ग्यानोबा, द्न्यानोबा व न्यानोबा हे तिन्ही इसम एकच असून सदर इसम माझे वडील होत. हे लिहून देताना मी कोणत्याही दबावाखाली वा नशेत नाही.'

दुकानाचं उत्तर चार तासांत आलं. दस्तऐवज अस्पष्ट आहे.

"अस्पष्ट?" तातेराव काका खुर्चीतून उठले. "अडतीस वर्षं सायब लोकांनी माझं अक्षर वाचलं. त्याच्यावर सह्या केल्या. ह्यायला चष्मा न्हाई का?"

आता ते इंग्रजीत नव्हतं, एवढीच अडचण होती, पण ती काकांना सांगणार कोण? सरांनी मनाशी ठरवलं, की तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्यावं. पासबुकातलं नाव बदलायला सगळ्यात जास्त फेऱ्या लागतात असं कळलं, म्हणून 'न्यानोबा' हेच वडील कायम ठेवले आणि बाकीचे दोघं दुरुस्तीला दिले. त्यासाठी सर गुपचूप केंद्रावर रांगेत उभे राहिले. नोव्हेंबर महिना होता. तातेराव काका आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला दाखवायला त्याच केंद्रावर आले होते. त्यांनी सरांच्या हातातला दुरुस्तीचा अर्ज बघितला, "बरं" म्हणाले आणि चालू लागले. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या घरून रोज नऊ वाजता वाचायला येणारं वर्तमानपत्र यायचं बंद झालं. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द लागला नाही. नुसतं वर्तमानपत्र बंद. गल्लीत एवढं पुरतं.

मग दुकानानं व्यवसायाच्या जागेचा, नावाच्या पाटीसकट फोटो मागितला. जागा म्हणजे घराची पुढची खोली. पाटी रंगवायला पेंटर आला, त्याला सरांनी 'संतराम ॲप डेव्हलपर्स' असं लिहून दिलं. पेंटरनं सगळं चोख रंगवलं, फक्त 'ॲप' बारीक काढलं, कारण त्याच्या मते लोकांना कळण्यासारखा शब्द 'डेव्हलपर्स' हाच होता. आणि लोकांना तो बरोबर कळला. वसमतमध्ये डेव्हलपर म्हणजे शेत घेऊन त्यात चुन्याच्या रेघा मारणारा माणूस. संध्याकाळपर्यंत चार जण येऊन गेले. एनए झालंय का, रस्ता किती फुटी, नळाचं पाणी आहे का? गल्लीतल्या धुरपताबाई तर रोज यायच्या. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला सरांनी मोठी प्लॉटिंग काढली आहे, अशी त्यांना पक्की खबर होती.

"धुरपतामावशी, मी जमिनीचा धंदा करत न्हाई. मी मोबाइलमधलं काम करतो."

"व्हय, व्हय. मोबाइलवरच दाखवा. पण तोंड पूर्वेला पाह्यजे हां, लेकरा."

फोटो मात्र दुकानाला पसंत पडला. पाटी तशीच राहिली.

शेवटची पायरी परीक्षकाची. दुकानाचा एक परीक्षक ॲप स्वतः चालवून बघतो, आणि त्यासाठी त्याला नमुन्याचं एक खातं द्यावं लागतं. सरांनी विचार केला, नमुना म्हणून रिकामं गोदाम काय दाखवायचं? पाहुण्याला रिकाम्या ताटावर कोणी बसवतं का? त्यांनी चाँद पाशांचं खरंखुरं, हळदीनं भरलेलं खातं देऊन टाकलं.

परीक्षक कोण होता, कुठल्या देशात बसला होता, देव जाणे. पण माणूस इमानी होता. 'थप्पी हलवा' हे बटण त्यानं एकदा दाबून सोडून दिलं नाही, अकरा वेळा दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देविदास मुकादमानं गोदामात मोबाइल उघडला तर अकरा हुकूम. तिसऱ्या थप्पीचे ऐंशी कट्टे नवव्या जागी. नवव्या जागेचे पहिल्या जागी. पहिल्याचे परत तिसऱ्या. देविदास शिस्तीचा माणूस. ॲपनं सांगितलं की काहून म्हणून विचारायचं नाही, असं त्याला सरांनीच शिकवलं होतं. चाँद पाशा त्या दिवशी लग्नाला गेले होते. ते दुपारी चारला परत आले तेव्हा नऊ हुकूम पार पडले होते, हमाल जमिनीवर आडवे होते आणि देविदास दहावा हुकूम वाचत होता.

चाँद पाशा तसेच, लग्नाच्या शेरवानीत, सरांच्या दारात आले. "सर, हा कोण बाबा आहे? त्याला म्हणा, एकदा वसमतला ये आणि एक कट्टा खांद्यावर घेऊन बघ. मंग हलव थप्प्या."

सरांनी सगळं कबूल केलं. हमालांना भजी आणि चहा दिला, प्रत्येकाची माफी मागितली, आणि देविदासची दोनदा मागितली. अकरावा हुकूम सगळे कट्टे मूळ जागी आणायचा होता, हे सांगायचं त्यांनी टाळलं. संध्याकाळी दुकानाचं पत्र आलं. थप्पी मंजूर. सर्व कार्ये अपेक्षेप्रमाणे पार पडतात, असा शेरा होता.

एक जानेवारी आली आणि सरांनी शब्द पाळला. प्रिंटरला हात लावला नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका बाहेरून काढून आणाव्या लागल्या. मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत प्रिंटरच्या शेजारी उभे राहून उसासा टाकायचे, आणि तो सरांना ऐकू जाईल एवढा असायचा.

एका गोदामाला थप्पी फुकट आणि जास्त गोदामांना परवाना, असा हिशोब दुकानात लागला. मोंढ्यातल्या सगळ्यांनी व्हॉट्सॲपवरचं काढून दुकानातलं घेतलं. सरांनी आफिफा मॅडमना कळवलं. गुरुवारी त्यांचा फोन आला. "सर, एक राहिलं. सोमवारी पुण्याहून मोठे साहेब येतायत. त्यांची एक अट असते. निदान शंभर लोकांनी ॲपला तारे दिलेले पाहिजेत आणि सरासरी चारच्या वर पाहिजे. तारे बघितल्याशिवाय ते फाइलच उघडत नाहीत. तुमच्याकडे किती झालेत?"

"सुरुवात आहे अजून," सर म्हणाले. म्हणजे शून्य.

चाँद पाशांना हे सांगितल्यावर ते खुर्चीत मागं टेकले. "एवढंच ना? फिकर नका करू, सर. उद्या हळदीचा लिलाव आहे. माइक माझ्या हातात राहतो."

शुक्रवारी लिलाव सुरू व्हायच्या आधी चाँद पाशांनी माइक हातात घेतला. समोर आडते, शेतकरी, हमाल, सगळा मोंढा. सर एका खांबाच्या आड उभे होते, कारण त्यांना लाज वाटत होती आणि ऐकायचंही होतं. "भावांनो," चाँद पाशा म्हणाले, "आपल्या संतराम सरांनी थप्पी बनवली. आपण सगळे वापरून राहिलो. आता ती मोठ्या दुकानात गेली आहे आणि तिथं तिला आपल्या ताऱ्यांची जरूरत आहे. मोबाइल काढा. वसमतच्या इज्जतीचा सवाल आहे. मला सांगा, थप्पी कशी आहे?"

"एक नंबर!" सगळा मोंढा एका आवाजात ओरडला. पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडाली.

"मंग द्या तसंच!" चाँद पाशा म्हणाले.

सर खांबाआड डोळे पुसत होते. पुढं काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी दुकान उघडून बघितलं. एकशे तेवीस जणांनी तारे दिले होते. सरासरी एक पूर्णांक शून्य. एक! पाचापैकी एक! शंभराच्या वर माणसांनी मोबाइल काढून, वेळ घालवून, सगळ्यात खालचा शेरा दिला होता. ज्यांच्यासाठी वर्षभर राबलो, त्यांच्या मनात हे होतं? ज्यांच्या हातचा चहा घेतला, त्यांनीच गळा कापला? सरांनी मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

पुनमताईंनी मोबाइल उचलला. मग खोलीत एक हुंदका आल्यासारखं झालं आणि सर वळून बघतात तर बाईसाहेब पदरात तोंड खुपसून हसताहेत.

"अहो, खालचं वाचलंत का? ऐका. 'एक नंबर ॲप, म्हणून एक तारा.' हे ऐका, 'सर एक नंबर, ॲप एक नंबर, दोघांना मिळून एक.' देविदास मुकादमानं लिहिलंय, 'खालचा कट्टा काढायला वरचे चाळीस उतरवायचे राहिले. पाठ दुखायची थांबली. लेकरांसंगं बसून जेवतो. एक नंबर.' आणि ह्या बघा धुरपतामावशी, 'प्लॉट अजून दाखवला न्हाई, पण माणूस एक नंबर.'"

सर उठून बसले. आधी त्यांना हसू आलं, मग रडू आलं, आणि मग सोमवार आठवला.

शनिवार-रविवार सर मोंढ्यात दारोदार फिरले. पाच तारे म्हणजे सगळ्यात चांगलं, आणि एक म्हणजे सगळ्यात वाईट, हे त्यांनी कागदावर चांदण्या काढून दाखवलं. कोणाला पटलं नाही.

"सर, तुमी स्वतः मास्तर आहात," चाँद पाशा म्हणाले. "वर्गात पाचवं आलेलं पोरगं हुशार का पहिलं आलेलं?"

"पाशाभाई, हे नंबर न्हाईत. हे तारे आहेत. जितके जास्त तितकं चांगलं."

"आवो, पण मी माइकवर एक नंबर बोललो. सगळ्यांनी ऐकलं. आता पाच देऊ? लोक म्हणतील, चाँद पाशाचं सरांसंगं बिनसलं."

देविदास तर दुखावलाच. "माझं काय चुकलं, सर? नऊ येळा थप्पी हलवली तवाबी मी काही बोललो न्हाई. मी मोंढ्यात सगळ्यांसमोर पह्यला नंबर दिला. तो काहून काढू?" आणि रविवारी दुपारपर्यंत मोंढ्यात वेगळीच बातमी फिरली. संतराम सर लई साधे माणूस आहेत, स्वतः दारोदार जाऊन म्हणतात, मला एक नंबर नको, पाचवा द्या. असा माणूस आजकाल मिळतो का? या साधेपणानं भारावून ज्यांनी अजून तारे दिले नव्हते त्यांनीही दिले. रविवार संध्याकाळपर्यंत आकडा एकशे सत्तेचाळीसवर गेला. एकशे शेहेचाळीस जणांनी एक तारा दिला होता.

आणि एकानं पाच. तातेराव काकांनी. खाली लिहिलं होतं, 'पाचव्या नंबरचे ॲप. अक्षर वाचता येत नसलेल्या दुकानात शोभेसे आहे.'

सगळ्या गावात थप्पीचं भलं करणारा माणूस एकच निघाला आणि तो होता सरांशी अबोला धरलेला. सरांनी समोरच्या घराकडं बघितलं. काका ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि पान मुद्दाम मोठ्यानं उलटत होते.

सोमवारी सर शाळेत गेले. साहेब पुण्याहून आलेले असणार, तारे बघितलेले असणार, फाइल बंद झालेली असणार. हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. दुसरा तास संपल्यावर मुख्याध्यापक प्रिंटरजवळ उभे राहून नेहमीचा उसासा टाकणार, तेवढ्यात सर स्वतःच पुढं गेले, बाह्या वर केल्या आणि प्रिंटरचं झाकण उघडलं. कोणी बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी उसासा गिळला, माणूस वाईट नव्हता. दहा मिनिटांनी सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. मुख्याध्यापकांनी तो उचलून सरांच्या कानाला लावला.

"सर, आफिफा बोलतेय. अहो, काय हे? साहेबांनी तारे बघितले आणि फाइल बाजूला ठेवली. म्हणाले, हा माणूस काय विकून राहिला, याला अख्खं गाव शिव्या घालतंय."

"मॅडम, ते काय झालं—"

"मला कळलं हो काय झालं. मी हिंगोलीची आहे, सर. मी म्हटलं, साहेब, फाइल बंद करायच्या आधी एवढं खालचं ऐका. आणि वाचायला लागले. सगळे वाचले. अर्ध्यावर साहेब म्हणाले, थांबा, ते मुकादमाचं परत वाचा. परत वाचलं. मग म्हणाले, विकत आणलेले पाच तारे मी रोज बघतो, असा एक मला कोणी दिला नाही. तर साठ परवाने मंजूर आहेत, सर. आजच घेतोय. ऐकताय ना?"

सर ऐकत होते. डोळे पुसायचे होते, पण हात काळे होते.

"काय झालं, सर?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"साठ," सर म्हणाले.

"साठ प्रती? तेवढ्या निघतील का आता?"

सरांनी झाकण लावलं आणि बटण दाबलं. प्रिंटर खाकरला आणि त्यातून एक स्वच्छ, गरम कागद बाहेर आला. मुख्याध्यापकांनी तो उजेडात धरला. "वा! एक नंबर काम, सर!"

"पाच म्हणा, सर," संतराम सर म्हणाले. "कृपा करून पाच म्हणा."

संध्याकाळी बातमी गल्लीत पोचली. चाँद पाशा पेढे घेऊन येऊन गेले, धुरपताबाई आता साठ प्लॉट निघाले म्हणून चौकशी करून गेल्या. दिवेलागणीला दारात चप्पल वाजली. तातेराव काका. त्यांच्या काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याची घडी सरळ करत बसले.

"संतराम, माझ्या हातनं चूक झाली," ते म्हणाले. "सगळ्या गावानं तुला पह्यला नंबर दिला. आन मी समोर राहतो, तुझ्या बापाच्या गाडीत फुकट बसून साखऱ्याला गेलेला माणूस, मी तुला पाचवा दिला. रागाच्या भरात दिला. ह्या वयात असं करू नये."

"काका, तसं काही न्हाई. तुमी दिला ते—"

"बोलू नको. मी दुरुस्ती केली. आत्ता, ओट्यावर बसून, माझ्या हातानं." त्यांनी मोबाइल पुढं केला. "बघ. पाचवा काढला. एक नंबर दिला. आता तरी राग सोड."

सरांनी पडद्याकडं बघितलं. सगळ्या दुकानात थप्पीकडं असलेले ते एकुलते एक पाच तारे गेले होते. आता एकशे सत्तेचाळीस माणसं होती आणि एकशे सत्तेचाळीस तारे. माणशी एक. सांगायला ओठांवर आलेलं सगळं सरांनी गिळलं आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला. स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत अजून काळी शाई होती, ती काकांच्या हाताला लागली.

"लई उपकार झाले, काका," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

"उपकार कसले? खरं ते लिहिलं," तातेराव काका म्हणाले आणि नाक ओढलं.

आत पुनमताई पदरात तोंड खुपसून चहा ठेवत होत्या. सरांनी दोन महिन्यांनी हाताशी आलेलं वर्तमानपत्र उघडलं, सकाळचंच होतं, आणि काकांना विचारलं, साखर किती घालायची.